आधी रोगाचे नाव, मग बाटली

डॉक्टर लोकांचा एवढा मोठा शत्रू उभ्या मुंबईत दुसरा झाला नाही, आणि तो डॉक्टरच्याच पगारावर जेवत होता. मी म्हणतोय ते आमच्या फणसवाडीतल्या दवाखान्याचे कंपौंडरबुवा. डॉक्टरांची अर्धी विद्या औषधात असते, उरलेली अर्धी रोग्याला न समजणाऱ्या शब्दांत. आणि ती दुसरी अर्धी हा गृहस्थ खिडकीतून फुकट वाटायचा. रोग्याने आपल्या रोगाचे नाव आणि अर्थ म्हणून दाखवल्याशिवाय बाटली हाती पडत नसे. "इंटरमिटंट ताप म्हणजे पाहुणा," ते सांगत. "येतो, जातो, पुन्हा येतो. रेमिटंट म्हणजे घरजावई. जरा नरमतो, पण घर सोडत नाही. तुझा कुठला?" "जावई!" म्हातारा कण्हत म्हणे, आणि बाकावरचे सगळे रोगी आपापली दुखणी विसरून हसत.

दातांवर तर त्यांचे विशेष प्रेम. कोटाच्या खिशात बकऱ्याच्या जबड्याचे हाड. "इन्सिझर म्हणजे पटाशीचे दात, हे तोडतात. मोलर म्हणजे दाढा, हे आपलं जातं." एकदा एका सोवळ्या काकूंपुढे त्यांनी ते हाड काढले, तेव्हा काकू दाढदुखीसकट धावत घरी गेल्या. पंडितांवरही त्यांचा तेवढाच राग. प्लेगला वर्तमानपत्रांतून 'ग्रंथिक सन्निपात' छापून येऊ लागले, तेव्हा म्हणाले, "इंग्रजीतून उकरलं आणि संस्कृतात पुरलं. अरे, गाठीचा ताप म्हणा की!"

प्लेगच्या त्या दिवसांत एका सकाळी तपासणीची टोळी थेट दवाखान्यात शिरली. बाकावर एक कोळीण बसली होती, पदराखाली तान्हे पोर, गाल भोपळ्यासारखा सुजलेला. आमच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांपूर्वीच तिला पाहून दाढेचे दुखणे ठरवले होते. गोऱ्या साहेबाने तिच्या जबड्याखाली बोटे दाबली, गाठ लागली, आणि बाहेर उभ्या प्लेग-इस्पितळाच्या डोलीकडे त्याचा हात झाला. पोर वेगळे, आई वेगळी. डोलीतून गेलेली किती माणसे परत आली, हे तिलाही ठाऊक होते. "मना नेव नको रे दादा, पोर अंगावर पितंय माजं!" आणि आमचे पदवीधर डॉक्टर? ते घड्याळाला किल्ली देत होते! साहेबाला चुकले म्हणायला त्यांची जीभ रेटेना. अशा विद्येला काय जाळायचे आहे?

कंपौंडरबुवा मात्र खिडकीतून बाहेर आले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "साहेब, ही गाठ चाकर आहे. मालक वर, दाढेत बसलाय." आणि खोड जाईना म्हणून तेच मराठीत कोळणीला, मग डोलीवाल्यांनाही समजावले, तेही हाड हातात धरून! साहेब लाल झाला. तेवढ्यात यांनी मलम घोटायच्या लोखंडी पट्टीने तिच्या एकेका दातावर टिचकी मारली. तिसऱ्या टिचकीला तिने अशी किंकाळी फोडली, की टोळीतला शिपाई उंबऱ्याबाहेर गेला. "काखेत बघा, जांघेत बघा. गाठ नाही. तापही नावाला." साहेबाने टोळीतल्या नर्सबाईकडून पडद्याआड पाहून घेतले. काही नव्हते. मग स्वतः तिच्या तोंडात डोकावला. कंपौंडरबुवांनी विचारलेसुद्धा नाही. चिमटा घातला, दाढ उपटली. मागोमाग पू आला, आणि त्याची अशी घाण सुटली की साहेब नाकाला रुमाल लावून टोळीसकट निघाला. रिकामी डोली त्याच्या मागे गेली.

कोळीण रक्त थुंकत हसत होती. "आता सांग," कंपौंडरबुवा म्हणाले, "काय झालं होतं तुला?"

"धनी दाढेत, चाकर गळ्यात! आता सोड की रं मना!"

दुपारी डॉक्टरांनी त्यांना काढून टाकले. एका दवाखान्यात दोन डॉक्टर चालत नाहीत, म्हणे.

मी संतापून हस्तपत्रक लिहायला बसलो. कंपौंडरबुवा परळच्या एका गिरणीत औषधे द्यायला लागले होते, तिथे जाऊन म्हटले, "तुमचे सगळे शब्द सांगा, छापतो." ते हसले. "छापून काय करशील रे? तुझं पत्रक वाचणाऱ्याला इंग्रजी येतंच." मला राग आला. कागद खिशात कोंबून तडक निघालो.

परवा खोकल्यासाठी त्याच दवाखान्यात गेलो. नवा कंपौंडर फार झटपट काम करतो. बाकावर कुणी बोलत नव्हते. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारले, "काय झालंय, आजोबा?"

त्याने बाटली उजेडात धरून पाहिली. "काय की. तांबडं औषध दिलंय," तो म्हणाला, आणि ती जपून धोतराच्या सोग्यात गुंडाळून निघून गेला.