लाल स्वेटरच्या वर

हेदर लिंडक्विस्ट माझ्या हाताखालून वर्षभर जात होती, पण तिचा चेहरा मी पाहिला नव्हता.

१९८६ साली नेपरव्हिलच्या एका मॉलमध्ये, तासाभरात फोटो छापून देणाऱ्या दुकानात मी मशीन चालवायची. “फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून तू लोकांचे बर्थडे केक एन्जॉय करत बसतेस यार,” असं माझा नवरा श्रीरंग चिडवायचा. मला ते काम आवडायचं. लोकांच्या घरात डोकावता येतं आणि त्यांना चहा करून द्यावा लागत नाही.

लिंडक्विस्टांचा रोल दर महिन्याला यायचा. वडील डॉन, आई कॅरल, मुलगा एरिक. तिघंही पिवळ्या केसांचे, लख्ख गोरे. त्यांच्या शेजारी नेहमी एक लाल स्वेटर आणि स्वेटरच्या वर अंधार. त्यात कधी दात दिसायचे, कधी नुसते डोळे. बर्फातल्या फोटोंत तर तेही नसायचं, गळ्याच्या वरचं माणूस पुसून टाकल्यासारखं वाटायचं. ते फोटो मला हातात धरवायचे नाहीत. पटकन पाकिटात घालून मी मोकळी व्हायची.

नोव्हेंबरात तो लाल स्वेटर काउंटरपाशी येऊन उभा राहिला. माझ्या अंगावर काटा आला. मग वर पाहिलं, तर सोळा वर्षांची, काळीसावळी, टपोऱ्या डोळ्यांची मुलगी. आपल्याकडची, हे सांगायलाच नको. बोलली अर्थात इंग्रजीत.

“या फोटोंमध्ये मी कुठे आहे?” तिनं विचारलं.

नाशिकच्या अनाथाश्रमातून चौथ्या वर्षी लिंडक्विस्टांनी तिला दत्तक घेतलं होतं. मैत्रिणीला तिनं घरचा अल्बम दाखवला, तेव्हा मैत्रीण म्हणाली, तू यात नाहीसच. दर ख्रिसमसला कॅरल साठ घरांना कुटुंबाचा फोटो पाठवायची आणि बारा वर्षांत एकाही फोटोत हेदरला चेहरा नव्हता. या वर्षी तो हवा, एवढंच तिचं मागणं होतं.

आमच्या मशीनवर एका गोऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड चिकटवलेलं होतं. रोज सकाळी तिचं निगेटिव्ह छापून बघायचं. तिचे गाल बरोबर गुलाबी आले, की मशीन ठीक. उरलेल्या जगानं तिच्या हिशेबानं दिसायचं. आमच्या घरचे फोटो मात्र मी बटणं दाबून, उजेड बदलून छापायची, नाहीतर श्रीरंगचं नाकसुद्धा सापडलं नसतं. लिंडक्विस्टांचे फोटो कार्डाप्रमाणे. गिऱ्हाईक गोरं, तर फोटोही त्यांच्याच मापाचा. स्वेटरमध्ये माणूस आहे हे मला दिसत होतं आणि मी एकदाही बटण दाबलं नव्हतं. तिला हे सांगताना मला मनापासून लाज वाटली.

“मग आता दाबा,” ती म्हणाली.

तिनं आणलेलं निगेटिव्ह मशीनमध्ये घालून दाबलं. फोटो सरकत बाहेर आला आणि त्यात हेदर होती. हनुवटीवर खळी, डाव्या भुवईत एक जुना व्रण. पण उजेड तिच्या मापाचा झाल्यावर बाकीचे तिघं उडाले. नाकं गेली, ओठ गेले. जेवणाच्या टेबलाभोवती तीन कोरे पांढरे चेहरे बसले होते आणि त्यांच्यामध्ये एक मुलगी हसत होती.

घरी कुणाला हे पटणार नाही, म्हणून तिनं मला रविवारच्या जेवणाला बोलावून घेतलं. कॅरलनं अगत्य केलं, ॲपल पाय वाढला. मग हेदरनं आधीचा आणि नवा, दोन्ही फोटो टेबलावर मांडले. डॉन म्हणाला, मशीन बिघडलंय. मशीन तसंच बनवलंय, हे मी समजावलं.

“आम्ही तुझा रंग कधी पाहिलाच नाही, हनी,” कॅरल म्हणाली.

“माहीत आहे, मॉम. फोटोत दिसतंच ते.”

एरिक वैतागला. सगळ्यात रंग कशाला आणतेस, म्हणाला.

“मॉलमध्ये गार्ड माझ्या मागे मागे फिरतो,” हेदर म्हणाली. “तू बरोबर असतोस तेव्हाही. तुला कधी दिसलाय?”

एरिकला दिसला नव्हता.

कॅरलचे डोळे भरले. तिनं अल्बम आणून पहिलं पान माझ्यापुढे उघडलं. “हा शिकागोचा एअरपोर्ट, पहिला दिवस. विमानातून उतरल्यापासून ही हसतच होती. एकदाही रडली नाही. हे बघा हसू.”

पांढऱ्या भिंतीपुढे तरुण कॅरल उभी होती. तिच्या कडेवर पिवळा फ्रॉक आणि फ्रॉकच्या वर काळोख. कॅरलचं बोट होतं तिथे चेहराच नव्हता. ती मात्र त्या जागेकडे कौतुकानं बघत होती, आणि डॉन, एरिकही मान डोलवत होते. मला तिथे बसवेना.

“मला ते हसणं आठवत नाही,” हेदर हळूच म्हणाली.

मंगळवारी कॅरल एकटीच दुकानात आली. हातात बुटांचा खोका आणि त्यात बारा वर्षांची निगेटिव्हं.

“सगळी परत छापा, तिच्या मापानं,” ती म्हणाली. “मला तिचं लहानपण बघायचंय.”

एअरपोर्टचं निगेटिव्ह पहिलं होतं. मी बटणं दाबली. कॅरल काउंटरच्या आत, माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली. फोटो बाहेर आला. त्यातली कॅरल भिंतीत विरून गेली होती, फक्त तिचे डोळे उरले होते. कडेवरच्या पोरीचा चेहरा मात्र स्वच्छ आला होता. तोंड वासलेलं, मानेच्या शिरा ताणलेल्या, गाल ओले. एक हात फोटोच्या कडेबाहेर, कुणाकडे तरी लांबवलेला.

कॅरलनं फोटो उचलला नाही. मशीनची घरघर चालू होती.

“ती माझ्या कडेवर होती,” ती म्हणाली. “माझ्या कानापाशी. मला ऐकू कसं आलं नाही?”