तांडेल बुडवण्याआधी

गोष्टी टाकायच्या ॲपवर मला अधूनमधून निरोप येतात. फॅन फिक्शन लिहायला घेतलंय, चार-पाच भागांतच दम निघतो, तुमची गोष्ट एवढी लांब कशी चालते, काहीतरी सांगा. असा निरोप वाचला की मी फोन पालथा ठेवतो. मी आठवीतनं शाळा सोडलेला माणूस. गाव जतकडं, तिकडं समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात. इथं रत्नागिरीत बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतो. मी कुणाला काय शिकवणार? पण गप्प बसलं तर माजल्यासारखं दिसतं. म्हणून एका संध्याकाळी बंदरावर जे झालं ते सांगतो. लांब लिहिण्याबद्दल मला कळलंय ते एवढंच.

बंदराच्या वरच्या अंगाला एका काकींच्या मागच्या खोलीत मी राहतो. काकींचे यजमान वारले, मुलगा मासेमारीच्या बोटीवर खलाशी. तो समुद्रात गेला की घरात काकी आणि टीव्ही, दोघंच. मी नवीन असताना मला कावीळ झाली. आईला कळवलं असतं तर ती मिळेल त्या गाडीनं निघाली असती, म्हणून कळवलं नाही. काकींनी महिनाभर पेज दिली. उठायला लागलो तसं संध्याकाळी टीव्हीपुढं बसवायला लागल्या, म्हणाल्या, भिंतीकडं बघून माणूस बरा होत नाय.

तेव्हा एक मालिका लागायची. त्यात एक तरणा तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य, आणि त्याची बायको. एके दिवशी तांडेल समुद्रात गेला, आणि दुसऱ्या आठवड्यात त्या वेळेला दुसरीच मालिका. काकींना ते फार लागलं. "मधी समुद्रात सोडून गेले मेले," असं त्या कितीतरी दिवस म्हणत राहिल्या, जसं काही शेजारचंच पोर होतं.

मी मोबाइलवर लिहायला लागलो तो ह्यामुळं. दुसऱ्यानं उभी केलेली माणसं घ्यायची आणि त्यांचं पुढं काय झालं ते आपण लिहायचं, ह्याला फॅन फिक्शन म्हणतात हे मला नंतर कळलं. मी एवढंच ठरवलं होतं की तांडेलाला घरी आणायचा. आणला. मग त्याच्या भावाचं लग्न राहिलं होतं, ते लावलं. सासूचा अबोला होता, तो सोडवला. वाचणारे वाढले. रोज सातला भाग टाकायचो, मालिकेची वेळ तीच होती म्हणून.

नाव टोपणनाव घेतलं होतं. कारखान्यात कळलं असतं तर जन्मभर "सूनबाई" म्हणाले असते. पण काकींच्या भाचीनं त्यांना हीच गोष्ट पाठवली. काकींना बारीक अक्षर दिसत नाही, मग वाचून दाखवायचं काम कुणाकडं? माझ्याकडं. मीच लिहायचं आणि मीच परक्याचं असल्यासारखं वाचायचं. नवा भाग आला की त्यांच्या फोनवर घंटी वाजेल अशी सोयसुद्धा मीच करून दिली. वाचताना त्या कुठं हुंकार देतात, कुठं उठून गॅस बघायला जातात, ते मी बघून ठेवायचो. गॅस बघायला उठल्या की समजायचं, इथं पाणी घातलंय. नवीन लिहिणाऱ्यानं एवढं तरी करावं, कुणालातरी मोठ्यानं वाचून दाखवावं.

एकदा मी तांडेलाच्या बायकोला पायरीवर बसवून बोंबलाचे खवले काढायला लावले होते. काकी इतक्या हसल्या की ठसका लागला. "बोंबलाला खवले? हा लिहिणारा घाटी असणार, तुझ्यासारखा." मीही हसलो. रात्री त्या भागातले खवले काढून टाकले.

गोष्ट लांबली तशी मला धाप लागायला लागली. कोणाला काय ठाऊक आहे, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाचा पाय मोडला होता, हे डोक्यात राहीना. भागाखाली लोक लिहायचे, धाकट्या सुनेला मूल द्या, सासूला परत वाईट करा. मी घाबरट. प्रत्येकाचं ऐकायचो. शेवटी गोष्टीचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेच मला कळेना. शेवट काही सुचत नव्हता, आणि शेवट सुचत नसला की माणूस करतो तेच मी केलं. तांडेल बुडवायचा ठरवला.

दिवाळी तोंडावर होती, बोटींना बर्फाची घाई, आम्हाला दोन-दोन पाळ्या. म्हणून पुढचे भाग आधीच लिहून, वेळ लावून ठेवले. त्या त्या दिवशी सात वाजले की भाग आपोआप जाणार. बुडण्याच्या भागाला नाव दिलं होतं, "तांडेल परत आला नाही".

तो भाग कुठल्या दिवशी जाणार आहे, हे मी विसरून गेलो.

त्या दिवशी सकाळीच बंदरावर बावटा चढला. वादळाचा इशारा. समुद्रातल्या बोटी माघारी यायला लागल्या, बर्फ कोण घेणार, कारखाना दुपारी बंद झाला. मग वीज गेली आणि माझ्या फोनची रेंजही गेली. घरी आलो तर काकी दारात चप्पल घालून उभ्या. मुलाची बोट आली नव्हती. मी त्यांच्याबरोबर जेटीवर गेलो.

तिथं बायका होत्या, पण मालिकेत दाखवतात तशा ओळीनं उभ्या नव्हत्या. कोण कोणाला फोन लावत होती, कोण आलेल्या खलाशांना विचारत होती, तुम्ही कुठं बघितली, कधी बघितली. काकींच्या मुलाच्या बोटीचा मालक एका दुकानात वायरलेसपाशी बसला होता. एकानं सांगितलं, आम्ही निघालो तेव्हा ती बोट जाळं ओढत होती. दुसरा म्हणाला, नंतर दिसली नाही. काकींच्या फोनला रेंज होती. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला होता, वाजला तर सुटू नये म्हणून.

अंधारून आलं तेव्हा एका पोरीनं आईला विचारलं, आज गोष्ट येणार का. आणि माझ्या अंगावर बर्फाचं पाणी ओतल्यासारखं झालं. आज. सातला. काकींच्या फोनवर घंटी वाजणार, मुलाचा फोन म्हणून त्या बघणार, आणि तिथं मोठ्या अक्षरांत, चष्म्याशिवाय दिसेल असं, "तांडेल परत आला नाही".

माझ्या फोनला रेंज नाही. दुसऱ्याचा मागावा, तर प्रत्येकाचा कानाला. काकींच्या हातातला काढून घेणं तर शक्यच नव्हतं. वर दीपगृहाकडच्या चढाला रेंज धरते हे माहीत होतं. आलोच, असं म्हटलं. "तू तरी हलू नको रे," काकी म्हणाल्या. तरी मी गेलो. ज्या बाईनं मला पेज भरवली तिला त्या घटकेला एकटी सोडून मी पळत होतो, आणि का पळतोय ते सांगूही शकत नव्हतो.

चढावर वारा असा की उभं राहवेना. जांभ्या दगडाच्या बुटक्या गडग्याला पाठ लावून फोन वर धरला. रेंजची एक काडी आली, गेली, परत आली. ॲप उघडलं तेव्हा भाग जाऊन चुकला होता. भागाखाली वाचणाऱ्यांचे रडणारे चेहरे यायला लागले होते. मी "काढून टाका" वर बोट ठेवलं. स्क्रीनवरचं चाक फिरत राहिलं आणि काडी गेली. भाग पुसला गेला की राहिला, कळायला मार्ग नाही. तसाच खाली धावलो.

काकी होत्या तिथंच होत्या. मला बघून त्यांनी फोन पुढं केला.

"वाच."

मी म्हटलं, आत्ता नको, काकी. त्या म्हणाल्या, फोन आला की वाचायचं थांबव, पण वाच, नुसतं उभं राहून जीव जातो.

मी वाचायला लागलो. भाग उघडलेला होता, म्हणजे माझ्यानं तो पुसला गेलाच नव्हता. पहिल्या वळणावर मी बदल करायला लागलो. बोटीचं इंजिन परत सुरू झालं, लांब दिवा दिसला, असलं काहीतरी जोडत होतो.

"वरचं नाव वाचलंय मी. लिहिलंय ते वाच," काकी म्हणाल्या.

मग जे होतं ते वाचलं. लाट आली. बोट आडवी झाली. किनाऱ्यावर बायका दिवे घेऊन उभ्या राहिल्या. सगळं बंदर शोकात बुडालं, चुली पेटल्या नाहीत, दिवस गेले. मला वाटत होतं की आता ह्या खाली बसतील, आणि मी काय करीन.

"आणि बोटी?" काकींनी विचारलं.

कुठल्या बोटी, असं मी म्हटलं.

"शोधायला कोण गेलं?"

मी परत खाली-वर बघितलं, जसं काही दुसऱ्याचंच लिहिलेलं होतं. कोणीच गेलं नाही, काकी, असं म्हटलं.

"मग त्याला समुद्रानं नाय मारलं. त्या बंदरानं मारलं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "बोट आली नाय तर रडत कोण बसतं रे? बोटी काढतात."

तेवढ्यात जेटीवरनं हाक आली, हात लावायला माणसं पाहिजेत. वारा थोडा मोडला होता आणि दोन मोठ्या ट्रॉलरनी बाहेर पडायचं ठरवलं होतं. काकी म्हणाल्या, जा, तुझ्या अंगात ताकद हाय. मी गेलो. डिझेलचे कॅन उचलायचे होते. ते देणारा माणूस म्हणजे काकींच्या मुलाच्या मालकाचा जुना वैरी. ह्या दोघांचं जाळ्यावरनं भांडण सगळ्या बंदराला माहीत, एकमेकांच्या दारातनं जात नाहीत. त्यानं गोदाम उघडलं आणि बाजूला उभा राहिला. मालक वायरलेसच्या दुकानाच्या दारात उभा. दोघांच्या मधनं आम्ही कॅन नेत होतो. हात बर्फाला सरावलेले, पण घामानं कॅन निसटत होते.

पहिल्या ट्रॉलरनं दोर सोडले तेव्हा वायरलेसच्या दुकानातनं कोणीतरी ओरडलं, थांबा. सगळे थांबले. मला ऐकू येत होतं ते फक्त खरखर. मालक आत पळाला, मग बाहेर आला आणि काकींकडं चालत गेला. त्या अंतरात माझं काय झालं ते लिहिता येत नाही.

बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं होतं. इंजिन बंद. दुसऱ्या एका बोटीनं दोर टाकून जयगडच्या खाडीत ओढून नेली होती. सगळे होते. सगळे.

काकी तेव्हा खाली बसल्या, ओल्या जेटीवर, लुगड्याचा विचार न करता. मी शेजारी बसलो. पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, त्या लिहिणाऱ्याला सांग, बोटी काढ म्हणावं. मी म्हटलं, सांगेन, ॲपवर लिहून पाठवता येतं.

"पाठवतोस कशाला? इथंच बसलाय ना मेला."

तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, बोंबलाच्या खवल्यांना मी घरात हसले, आणि भाचीकडनं परत वाचून घेतलं तर गोष्टीत खवलेच नाहीत. माझं हसू त्या माणसापर्यंत पोचलं कसं? मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत. "वाचणं बंद केलं असतंस," त्या म्हणाल्या.

मी माफी मागायला लागलो, आजच्या दिवशी हे असं तुमच्यापुढं यायला नको होतं. त्यांनी ते मधेच तोडलं. मग मी विचारलं, तांडेलाला परत आणू का. तुम्ही म्हणाल तसं करतो.

"ते तुझं तू बघ. आधी बोटी काढ."

मुलगा दुसऱ्या दिवशी एसटीनं आला, जेवला आणि झोपला. तो झोपलेला असताना मी तो भाग काढून टाकला आणि परत लिहायला घेतला. आता वेळ लावून भाग ठेवत नाही. टाकताना स्वतः जागेवर असतो. लोकांचं वाचतो, पण प्रत्येकाचं ऐकत नाही. आणि शेवट सुचत नाही म्हणून माणूस मारत नाही. मरायचाच असेल तर आधी सगळ्यांनी त्याला शोधलेला असला पाहिजे. मालिकेतली माणसं घेतली, ते ठीक. पण त्या मालिकेला बंदर कळलं नव्हतं, ते अज्ञानही उचललं, ते चुकलं. दिवे घेऊन ओळीनं उभ्या राहणाऱ्या बायका मी तिथनंच आणल्या होत्या.

नवा भाग काकींना वाचून दाखवला. त्यात वारा मोडल्यावर दोन ट्रॉलर निघतात. त्या ऐकत होत्या, गॅस बघायला उठल्या नाहीत. मला बरं वाटलं. संपल्यावर म्हणाल्या, "डिझेल कोणी दिलं?"

मी ते गाळलं होतं. वैर लिहायचं म्हणजे ते कशावरनं झालं ते आलं, दोन्ही घरच्या बायका आल्या, जाळं कोणी कापलं ते आलं. मी म्हटलं, काकी, ह्याला फार भाग लागतील.

"लागू देत," त्या म्हणाल्या.

ते भाग अजून चालू आहेत. मधे वाचणारे थोडे कमी झाले, काहींनी लिहिलं, तांडेलाचं काय ते एकदा सांगून टाका. काकी ते विचारत नाहीत. संध्याकाळी मी कारखान्यातनं आलो की चहा ठेवता ठेवता एवढंच विचारतात, आज शोधायला कुठल्या बोटी बाहेर हायत.