टेकापोच्या वाटेवर मी वर केलेला हात

लेकीकडे, म्हणजे क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात, येऊन मला दोन महिने झाले होते आणि मी पाहिलं काय, तर सुपरमार्केट, लायब्ररी आणि नातीची शाळा. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी जावई नीलेशराव म्हणाले, "आई, या शनिवार-रविवारी टेकापोला जाऊ. तो तलाव बघाल तर साताऱ्याला परत जावंसं वाटणार नाही."

मी आधी विचारलं, "खर्च किती?"

"झालं, आईचं सुरू!" अशू, माझी मुलगी, म्हणाली. पण विचारायला काय जातं? टेकापोच्या काठावर राहायचं तर एका रात्रीला दोनशे डॉलर. अर्धा तास अलीकडे एका लहान गावातल्या हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या मुक्कामाच्या आवारात, चौघांची केबिन रात्रीला ऐंशी डॉलर. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामायिक. मी म्हटलं, हेच घ्या, जेवण मी करीन. पार्कचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

शुक्रवारी चार वाजता निघालो. दशम्या, बटाट्याची सुकी भाजी आणि ताकाचा थर्मास बरोबर. राकाया नदीवरचा पूल इतका लांब, की माझी अर्धी रामरक्षा त्यावरच झाली. पुढे दोन्ही बाजूंना कुरणं. शेताला पाणी घालायचे चाकांवरचे लांबच लांब नळ, हजारो गाई, आणि नुकती जन्मलेली कोकरं आईच्या मागे पळताहेत. डोळे निवतात अगदी. निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे कुंपणाकुंपणाला उमेदवारांचे हसरे फलक. गाडीत रेडिओ चालू होता. कोणी तरी फोन करून तावातावाने बोलत होता की घरं महागली, दवाखान्यात नंबर लागत नाही, सगळं या बाहेरून येणाऱ्यांमुळे.

मी विचारलं, "आपल्याबद्दल बोलतायत का हो?"

"आपल्याबद्दल नाही आई. जनरल बोलतायत," नीलेशराव म्हणाले आणि रेडिओ बंद केला.

जेराल्डीन गावात पाय मोकळे केले. तिथे स्वच्छतागृह फुकट आणि लख्ख आहे, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. मंडळींनी बटाट्याच्या काचऱ्या घेतल्या. मी विचारलं तर तेल मासे तळतात तेच, म्हणून मी दशमी खाल्ली. पार्कवर पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि थंडी हाडांत शिरत होती.

सामायिक स्वयंपाकघर छान होतं. चार शेगड्या, दोन मोठे फ्रिज, आपापल्या पिशवीवर नाव लिहून ठेवायचं. शेगडी पेटेना तर एका साठीतल्या गोऱ्या गृहस्थांनी पेटवून दिली. त्यांची मोठी कॅम्परव्हॅन बाहेर उभी होती. मला बघून हात जोडून "नमस्ते" म्हणाले. तरुणपणी आग्र्याला जाऊन आले होते म्हणे. "यू पीपल आर लवली," असं दोनदा म्हणाले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

शनिवारी पहाटे साडेपाचला उठले. पोथीचा रोजचा अध्याय मी चाळीस वर्षांत चुकवलेला नाही, आणि त्याआधी तुपाचं निरांजन. आणि पाहते तो काय, तुपाची बरणी हॉर्नबीच्या ओट्यावरच राहिलेली! केबिनमध्ये तर धुराची घंटा, उदबत्तीसुद्धा लावायची सोय नाही. मग मी स्वयंपाकघरात गेले, फ्रिजमधल्या आमच्या पिशवीतून बिनमिठाच्या लोण्याचा अख्खा ठोकळा काढला आणि कढवायला ठेवला.

तूप कढत असताना एक तिशीची बाई आत आली. कडेवर तान्हं बाळ, हातात दुधाची बाटली. वास घेऊन थांबली आणि हसली. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच, त्यामुळे आमचं छान जमलं. तिचं नाव पाओला. चिले देशाची. नवरा रॉड्रिगो, इकडच्या एका गोठ्यात दूध काढायच्या कामावर. गाई विण्याचा हंगाम चाललेला, दोन महिन्यांतली ही त्याची पहिली सुट्टी. हे सगळं तिने बोटांनी आणि हंबरून दाखवून सांगितलं, आम्ही दोघी खूप हसलो. मी तूप डब्यात गाळलं आणि खाली राहिलेल्या बेरीत साखर घालून तिला चमचाभर दिली. तिने डोळे मिटून खाल्ली आणि माझ्या दंडावर हात ठेवला. सांगते ते एवढ्यासाठी, की लोणी कुठे गेलं हे त्या पार्कमध्ये दोघींनाच माहीत होतं.

सातला मी खिडकीजवळच्या टेबलावर निरांजन लावून अध्यायाला बसले. हळूहळू माणसं जमली. दोन सायकलवाल्या मुली, भांडी विसळणारं एक म्हातारं जोडपं, कालचे नमस्तेवाले गृहस्थ. टोस्टरपाशी पाओला, रॉड्रिगो आणि त्यांची आठेक वर्षांची मुलगी त्यांच्या भाषेत हळू बोलत होते. अशू आणि रेवा, माझी नात, केबिनमध्ये झोपलेल्याच होत्या. नीलेशराव डोळे चोळत आले, फ्रिज उघडला, पिशवी चाचपली आणि इंग्रजीत मोठ्याने म्हणाले, "अरे, आमचं लोणी कोणी तरी लंपास केलं वाटतं!"

मी ऐकलं. मला कळलंही. पण अध्याय सुरू झाला की मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही, हे सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. म्हटलं, थोड्याच ओव्या राहिल्यात, झालं की सांगते.

नमस्तेवाल्या गृहस्थांनी कप खाली ठेवला. "कोणी म्हणजे काय," ते म्हणाले, "दिसतंय की कोण ते." आणि टोस्टरकडे हनुवटी केली.

रॉड्रिगोला आधी कळलंच नाही. तो हसला. मग ते गृहस्थ त्याच्या जवळ गेले. "इंग्लिश बोलायची नाही आणि दुसऱ्याच्या फ्रिजात हात घालायचा. तिकडे मेक्सिकोत चालत असेल."

"चिले," रॉड्रिगो म्हणाला. "आम्ही चिलेचे."

"तेच ते. अमेरिकेत भिंत बांधायची म्हणतात ते उगाच नाही. आम्हाला वाटायचं, आपल्याला समुद्र आहे, आपल्याला नको."

"मी रोज सहाशे गाईंचं दूध काढतो," रॉड्रिगो तुटक इंग्रजीत म्हणाला. "लोणी कशाला चोरू?"

यावर एक हसू ऐकू आलं. माझ्या जावयाचं. आता विचारलं तर म्हणतात, घाबरून हसलो. असेल.

मग त्या माणसाने जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. तो खाली वाकला आणि त्या मुलीला, अगदी गोड आवाजात, म्हणाला, "तुला येते ना इंग्लिश? मग सांग तुझ्या आईला. म्हणावं, या देशात वस्तू मागून घेतात." पोर हातात टोस्ट धरून उभी. आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं. आणि मग तिने आईला ते सांगितलं. आपल्याच आईला, आपल्याच तोंडाने.

म्हातारं जोडपं भांडी विसळत राहिलं. सायकलवाल्या मुली फोनमध्ये. नळ चालू होता, तेवढाच आवाज.

पाओलाने माझ्याकडे बोट केलं. "ती," म्हणाली. "तिने शिजवलं. सेन्योरा, सांगा!"

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझे ओठ ओव्या म्हणत होते. मी मान न उचलता डावा हात वर केला, तळवा पुढे. म्हणजे, थांब गं, येतेच.

आपल्याकडे याचा अर्थ थांबा. तिथे सगळ्यांनी अर्थ घेतला, मला यात ओढू नका. "बघा," तो माणूस म्हणाला, "आता त्या देवभोळ्या म्हातारीवर ढकलतायत." आणि तो पार्क चालवणाऱ्या बाईंना बोलवायला गेला.

मी अध्याय पूर्ण केला. पोथी मिटली, कपाळाला लावली, आणि मग उठले.

"बटर मी," मी इंग्रजीत म्हटलं. "आय कुक. घी." डबा उघडून सगळ्यांना दाखवला. नीलेशरावांचा चेहरा पांढरा पडला. "आई, तुम्ही आधी का नाही बोललात?"

तेवढ्यात तो माणूस परतला. मी त्याच्यासमोर डबा धरला. त्याने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझा खांदा थोपटला. "ऑल गुड, लव्ह. तुमच्याबद्दल काहीच नाही. आज लोणी नसेल, उद्या दुसरं काही तरी असतं."

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की संपेल. खऱ्याचं तिथे कोणाला काहीच नव्हतं! मी तो डबा घेऊन वेड्यासारखी उभी.

पाओला आणि रॉड्रिगो तोवर मुलांना घेऊन स्वयंपाकघरातून निघून गेले होते. पार्कवाल्या बाईंनी त्यांना बाहेर गाठून सांगितलं होतं की तक्रार आली आहे, वाद नको, तुम्ही आत्ता निघालात तर दुसऱ्या रात्रीचे पैसे परत देते. मी नीलेशरावांना म्हटलं, "चला ऑफिसात."

"आई, राहू द्या ना. मी कोणाचं नाव घेतलेलं नाही."

"तक्रार कोणाच्या लोण्याची लिहिलीय? तुमच्याच ना? चला."

मी जावयाशी अशी कधी बोलले नव्हते. ते आले. ऑफिसचं दार लावून घेऊन हळू आवाजात बाईंना म्हणाले की चूक झाली, लोणी आमच्याकडेच होतं. बाई म्हणाल्या, "ओह, स्वीट अ‍ॅज, काही हरकत नाही! सांगितलंत ते बरं झालं. मग राहू देत की त्यांना." संपलं! त्या वहीत काही तरी खोडून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

मी पळत त्यांच्या गाडीकडे गेले. बाळाला पट्टा लावून झाला होता, मुलगी मागे काचेला डोकं टेकून बसलेली. "राहा," मी म्हटलं. "ऑफिस ओके. नो प्रॉब्लेम. राहा."

रॉड्रिगो म्हणाला, "मार्चमध्ये व्हिसा संपतो. हा माणूस पोलीस बोलावतो म्हणतो. आम्ही जातो." रागाने नाही म्हणाला. पत्ता सांगावा तसं म्हणाला.

मी पाओलाचा हात धरायला गेले. तिने धरू दिला. "तुला कळत होतं," ती म्हणाली. "तू मला बघितलं. आणि तू असं केलं." तिने तळवा वर करून दाखवला. ओवी, अध्याय यांना माझ्या इंग्रजीत शब्द नव्हते. गाडी गेली. दोन महिन्यांतली त्यांची पहिली सुट्टी, सकाळी साडेआठला संपली.

आम्हीही ती रात्र तिथे काढली नाही. अशूनेच सामान बांधलं. दुसऱ्या रात्रीचे ऐंशी डॉलर परत मिळाले नाहीत आणि मी मागू दिले नाहीत. टेकापोला मात्र गेलो, कारण घरी जाऊन काय करणार? तलाव लोक म्हणतात तसाच आहे, दुधात नीळ टाकावी तसा. मागे बर्फाचे डोंगर. काठावर दगडी चर्च, आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे शांतता टिकून आहे. मी मागच्या बाकावर बसले. खिडकीतून सगळा तलाव दिसत होता आणि मला नळाचा आवाज ऐकू येत होता.

परतताना गाडीत नीलेशराव म्हणाले, "शिकायला आलो तेव्हा पेट्रोल पंपावर कामाला होतो. रोज कोणी तरी म्हणायचं, गो होम. तेव्हापासून सवय लागली. कोणी दुसऱ्याला बोलायला लागलं की आधी वाटतं, बरं झालं, आज आपला नंबर नाही." मग म्हणाले, "पण मी खरंच कोणाचं नाव घेतलं नव्हतं."

"तुला घ्यावंच लागलं नाही," अशू म्हणाली.

मागून नात रेवा म्हणाली, "बट आजी, यू हॅड द बटर." तिला मराठी सगळं कळतं, बोलते इंग्रजीत.

"हो गं," मी म्हटलं. "माझ्याकडेच होतं."

साताऱ्याला परत येऊन तीन आठवडे झाले. शेजारणी विचारतात, बर्फ कसा होता, किती खर्च आला. खर्च सांगते. ही गोष्ट दोघींना सांगितली तर एक म्हणाली, "परदेशात असंच असतं बाई," आणि दुसरी म्हणाली, "तुम्हाला तर नाही ना काही बोलला?" नाही बोलला. मला तर नमस्ते म्हणाला होता.

परवा देवळात पोथी सांगणाऱ्या काकांना विचारलं. ऐंशीच्या पुढचे आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्याने विचारावं लागलं, सगळ्यांसमोर. "काका, अध्याय चालू असताना कोणावर प्रसंग आला, तर मधे उठलं तर चालतं का?"

ते चष्मा पुसत होते. "उठायचं की," म्हणाले. "जे असेल ते बघून यायचं, आणि मग पुन्हा पहिल्या ओवीपासून वाचायचं. त्यात काय एवढं?"