एसेता आत्यांनी जोडलेला राउटर

एसेता आत्या सत्तावीस वर्षं सवाई बेटावरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दोऱ्या खुपसून माणसं जोडत होत्या. एक्स्चेंज बंद झालं तेव्हा त्यांना निरोपादाखल भिंतीवरचं घड्याळ मिळालं. तेही बंदच होतं.

त्यांचा धाकटा भाऊ योसुआ ऑकलंडला. लाकडाच्या गिरणीत कान गेलेले, आता हृदयाचं ऑपरेशन. टेबलावर जाण्याआधी घरची संध्याकाळची प्रार्थना बघायची, एवढंच त्याचं मागणं. ऐकू येत नसलं तरी ओठ वाचतो. आमच्या गावात मोबाइलवर आवाज पोचतो, चित्र पोचत नाही; म्हणून हा राउटर. कंपनीचा माणूस येऊन तार जोडून गेला. मौल्यवान वस्तू चटईवर कशी ठेवायची, म्हणून आम्ही तो मधल्या खांबावर उंच बांधला, घराण्याचे प्रमुख सेउमालो बसतात त्याच्या बरोब्बर वर. दुपारपासून दिवा लाल.

प्रार्थनेचा शंख वाजायला दहा मिनिटं उरली. शंखानंतर प्रार्थना संपेपर्यंत गाव हलत नाही की बोलत नाही. आत्यांच्या कानाला कंपनीच्या मदतकेंद्रातली मुलगी होती.

"मागच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबा. सगळं पुसून नव्याने भरू."

पण वडीलधारे प्रार्थनेला बसले होते. ते बसलेले असताना आमच्यात कोणी उभं राहत नाही, सेउमालोंच्या डोक्यावर तर नाहीच.

"बसल्या बसल्या पोचेल का हात?" मी विचारलं.

"मी काय नारळाचं झाड आहे, सूनबाई?"

सेउमालोंनी डोळे उघडले. "एसेता, हा मान कोणाचा राखताय तुम्ही?"

"तुमचाच, दादा."

"मग मीच चढतो. माझ्या डोक्यावर मी उभा राहिलो तर मला राग येणार नाही."

ते पेटीवर चढले, बायकोच्या अंबाड्यातली पिन घेऊन. आत्या आकडे मोजत होत्या आणि पंधरा माणसं श्वास रोखून एका म्हाताऱ्याच्या अंगठ्याकडे बघत होती. दहा झाले. दिवे विझले, पुन्हा लागले. सेउमालो उतरून जागेवर बसले, जणू रोजचंच काम.

टॅबलेटवर राउटरचं पान उघडलं. जोडणीचा प्रकार निवडला. कंपनीने दिलेलं नाव भरलं.

"आता पासवर्ड, चौदा अक्षरं. लिहून घ्या, आजी."

"सांग तू."

मुलीने अक्षरं आणि आकडे एका दमात सांगितले. "पुन्हा सांगू?" ती म्हणाली, आणि शंख वाजला.

आत्यांनी फोन ठेवून दिला. समोर रिकामी चौकट, विचारायला कोणी नाही. त्यांनी डोळे मिटले. मग बोट चालू लागलं, न अडखळता, चौदा वेळा. मी असं काही कधी पाहिलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या फोनचा नंबर मला अजून बघून सांगावा लागतो. त्यांनी 'जतन करा' दाबलं.

लाल. नारिंगी. बराच वेळ नारिंगी.

हिरवा.

मी टॅबलेटवरून व्हिडिओ कॉल लावला आणि योसुआ दिसला, निळ्या टोपीत, उशीला टेकून. कोणी बोललं नाही, नियमच तसा. भजन सुरू झालं. सगळे तोंडं अशी मोठी उघडून गात होते की चर्चमध्येही कोणी कधी गायलं नसेल. पलीकडे योसुआचे ओठ हलू लागले, अर्धी ओळ मागे.

कडवं संपलं. सेउमालोंनी हात वर केला. योसुआची ओळ पुरी होईपर्यंत अख्खं घर थांबलं.