सकिउसाचा दात

आमच्या गावात कुंपणाला फाटक नसलेलं घर एकच, सकिउसाचं. डुकरं सरळ आत शिरून त्याचा कसावा उकरायची. मी म्हणायचो, "मेव्हण्या, डुकरांना रोज जेवायला बोलावतोस, मला कधी बोलावणार?" तो माझा मामेभाऊ; आमच्यात मामेभावाला मेव्हणाच म्हणतात. आते-मामेभावांनी एकमेकांची टर उडवायची आणि राग धरायचा नाही, ही आमच्या फिजीतली रीत. तो हसायचा, पण फाटक काही त्याने बसवलं नाही.

तरुणपणी तो शांतिसेनेतून लेबनॉनला गेला होता. परतला तो मोठा रेडिओ, बायकोला घड्याळ आणि छातीवर पदक घेऊन. गावाने त्याला डोक्यावर घेतलं. पुढे वीस वर्षं तो आमच्यात बसून कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं पेय, प्यायचा, आणि कुठे तान्हं मूल रडलं की वाटी तशीच ठेवून चालू लागायचा.

एकदा भर दुपारी, अळकुड्या लावता लावता, त्याने मला सांगितलं. नाक्यावर त्याची पाळी होती. अडसर उचलायचा नाही, असा हुकूम होता. एक बाई तापाने फणफणलेलं मूल घेऊन आली. दवाखाना पलीकडे. दोन तास ती विनवत राहिली. मग मूल गार पडलं, आणि ते तिने त्याच्या पायाशी रस्त्यावर ठेवलं.

"अडसराचा दोर माझ्या हातात होता रे. ओढला असता तर फार तर शिक्षा झाली असती."

"पण हुकूम होता ना?"

"हुकूम साहेबाचा. हात माझा."

मला रडू आलं, आणि मग मी शहाणपणा केला. आमच्याकडे अपराध करणारा व्हेल माशाचा दात घेऊन दुखावलेल्यांच्या दारी जातो, मान खाली घालून बसतो. त्यांनी दात घेतला, पोकळ हातांनी टाळ्या वाजवल्या, की मिटलं. ती बाई तर समुद्रापलीकडे, नावही ठाऊक नाही. मी ठरवलं, तिच्या जागी गावप्रमुख बसतील. सकिउसाची बायको तराइविनी नको म्हणत होती. मीच रेटलं.

प्रमुख विलिकेसांनी दात स्वीकारला, साऱ्या गावाने टाळ्या वाजवल्या, डुक्कर भाजलं. मी दोन ताटं हाणली आणि भाऊ बरा झाला म्हणून सगळ्यांना सांगत सुटलो.

दुसऱ्या सकाळी सकिउसा प्रमुखांच्या दारात उभा. "दात परत द्या."

दिलेला दात परत मागणं म्हणजे गावाच्या तोंडावर थुंकणं. मी ओरडलो, "डोकं फिरलं का तुझं? क्षमा मिळाली ना!"

"तुमची मिळाली," तो म्हणाला. "तुमचं मी काय बिघडवलं होतं? तिने टाळी वाजवली नाही."

विलिकेसा आत गेले आणि दात आणून त्याच्या हातावर ठेवला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. बरंच केलं.

गेल्या वर्षी सकिउसा गेला. पुरताना मी तो दात त्याच्या हाताशी ठेवायला वाकलो. जुन्या माणसांत तसा ठेवायची पद्धत होती. तराइविनीने माझं मनगट धरलं.

"नका ठेवू, भावजी. ती बाई कधी आली, तर मी तिच्यापुढे काय ठेवू?"

दात आता तिच्या दाराशी खुंटीला असतो. डुकरं अजून आत येतात. ती झाडू घेऊन त्यांना हाकलते, पण फाटक बसवत नाही.