दोन चाव्यांचं रिव्हॉल्व्हर

माझा नवरा बँकेत कर्जवसुली बघतो. बदली होऊन जयपूरला आल्यावर त्यानं एका बड्या थकबाकीदाराची गोदामं जप्त केली, आणि मग विद्याधर नगरातल्या आमच्या घरासमोर एक अनोळखी जीप उभी राहू लागली. "धमकी आलीय," एवढंच त्यानं मला सांगितलं. पोलिसांत तक्रार झाली, पुढे शस्त्राचा परवानाही मिळाला.

मग आम्ही रिव्हॉल्व्हर निवडायला गेलो. माझ्या साडीखरेदीला वैतागणारा हा माणूस त्या काउंटरपाशी तासभर खिळून राहिला. त्याला लहान हवं होतं, खिशात मावणारं, कुणाला न दिसणारं. दुकानदार म्हणाला, "भाईसाहब, जितना छोटा लोगे, उतना हाथ में उछलेगा. प्रॅक्टिस करनी पड़ेगी." नवऱ्यानं मान डोलावली आणि सगळ्यात छोटं घेतलं. प्रॅक्टिसला तो कधीच गेला नाही.

घरी आल्यावर त्याच्यातला बँकवाला जागा झाला. बँकेची तिजोरी एकट्याला उघडता येत नाही, दोघांकडच्या दोन चाव्या लागतात. तोच नियम त्यानं घरात लावला. रिव्हॉल्व्हर त्याच्या कपाटात, गोळ्या माझ्या कपाटात, आणि ज्याच्या कपाटाची चावी त्याच्याकडेच. म्हटलं, म्हणजे कुणी घरात घुसलाच तर तुझी-माझी चावी सापडेपर्यंत त्याला चहा देऊन बसवायचं का? मी पोट धरून हसले. तो हसला नाही.

एका संध्याकाळी फाटक वाजलं. हेल्मेट घातलेला एक माणूस आत येत होता. नवऱ्यानं रिव्हॉल्व्हर काढलं आणि माझ्यापुढे हात केला. "चावी दे." मी चावी मुठीत आवळली आणि खिडकीतूनच त्या माणसाला विचारलं, कोण पाहिजे? तो पाण्याचं फिल्टर दुरुस्त करायला आला होता. सकाळी आम्हीच त्याला फोन केला होता.

तो काम करून गेल्यावर नवऱ्यानं विचारलं, "चावी का नाही दिलीस?"

"तू त्याला मारलं असतंस."

तो मटकन खुर्चीत बसला. "मला फार भीती वाटते गं," म्हणाला. एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला त्याची फार माया आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते रिव्हॉल्व्हर त्याच दुकानात जमा करून आलो. येताना सोडाल्याच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा समोर बघतच तो बोलायला लागला.

"धमकी देताना ते मला मारू म्हणालेच नव्हते. त्यांनी फक्त हॉस्टेलचं नाव सांगितलं. आणि खोली कितव्या मजल्यावर आहे, ते."

आमची मुलगी कोचिंगसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोपालपुऱ्यात हॉस्टेलवर राहते. हा माणूस एवढं सगळं एकटाच गिळून बसला होता, आणि मी त्याच्या चाव्यांची चेष्टा करत होते.

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवू लागले.

"घरी नको," मी म्हणाले, "गोपालपुऱ्याला घे. तिला घेऊन येऊ."