शेवंताचे चिंचोके

काल नातीनं चिंचोके भाजले आणि त्या खमंग वासासरशी मी सत्तर वर्षांमागच्या आमच्या रिठद गावी पोचले.

माझी थोरली बहीण शेवंता मंदबुद्धीची होती. तोंड धुणं, वेणी, पाटी. एक झालं की दुसरं विसरायची. शाळेतल्या बाईंनी तिला दोन वाट्या आणि कामागणिक एक असे चिंचोके दिले. काम झालं की तिनंच एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत टाकायचा, आईनं आठवण करायची नाही. एखादा मागं राहिला, की शेवंता दारातून परत फिरायची, केस चाचपायची, इकडंतिकडं बघायची. तिला काय राहिलं ते कसं सापडतं, याचं मला भारी नवल वाटे.

एका सकाळी दोन्ही वाट्या रिकाम्या होत्या. शेवंता चुलीपाशी भाजलेले चिंचोके फोडत बसली होती. तेवढ्यात आम्हाला शाळेत न्यायला बाई आल्या.

"पाहा बाई, सारे खाऊन राह्यली," आई रडवेली झाली.

बाईंनी शेवंताकडं पाहिलं. तोंड धुतलेलं, वेणी घातलेली, पाटी मांडीवर.

"काहून भाजले वं?"

"आता कायले पाह्यजेत?" शेवंता म्हणाली.

बाई तिच्याजवळ बसल्या आणि हात पुढं केला. "मलेबी दे एक."

तेव्हा मला एवढंच वाटलं, की बाईंना चिंचोके आवडतात.